चकव्याच्या कुरणातले दोन घोडे

त्या आठवड्यात मॅलकीनं चहात मीठ घातलं आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मी समोरच बसले होते.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"चांगला आहे," तो म्हणाला. "पण ऊना, पायपरला मार्चमध्ये झालं काय होतं, तेवढं मला सांग."

मी काय सांगणार? मार्चमध्ये पायपरला काय झालं हे लिमरिकपासून किलमॅलकपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वेगळंच ठाऊक होतं. पोस्टमन म्हणे, जमीन कडक होती. चर्चचे फादर म्हणत, समुद्र ओलांडताना घोड्याला बोट लागली. माझा भाऊ फिंटन, ज्यानं पायपरला तयार केलं, तो म्हणे, "त्या दिवशी त्याचा दिवस नव्हता," आणि एवढं बोलून शिट्टी वाजवत निघून जाई. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

मॅलकी माझा नवरा. उंच कुंपणांवरून घोडे उडवायचे, चिखलातून मैलोन् मैल पळवायचे, पडलं तर अंगावरची माती झटकून पुढच्या शर्यतीला उभं राहायचं, यात त्याचा जन्म गेला. त्याच्या खांद्याची हाडं इतक्यांदा जोडली गेलीत, की पावसाआधी ती माझ्याशी बोलतात. मी वाळत घातलेले कपडे आत आणते. या वसंतात डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं: आणखी एक हंगाम. त्यानंतर हा खांदा लगाम ओढू शकणार नाही.

आणखी एक हंगाम म्हणजे चेल्टनमचा आणखी एकच मार्च. समुद्रापलीकडची ती मोठी शर्यत, तो सोन्याचा चषक मॅलकीनं एकदाही जिंकलेला नाही. वाईट याचं, की दोनदा तो त्याच्या हातात होता. दोन्ही वेळा तबेल्यातले दोन घोडे त्या शर्यतीला होते, दोन्ही वेळा पहिला जॉकी म्हणून निवड त्याची होती, दोन्ही वेळा त्यानं रात्रंदिवस विचार केला, सगळी कारणं तपासली, सगळ्यात शहाणी निवड केली. आणि दोन्ही वेळा त्यानं सोडलेला घोडा जिंकला. एकदा तर तो पहिल्याच कुंपणाशी पडला आणि चिखलात बसल्या बसल्या त्यानं दुसऱ्याला जिंकताना पाहिलं. तेव्हापासून आमच्या गावच्या पबमध्ये म्हण पडली: मॅलकी डावीकडे वळला की तुम्ही उजवीकडे जा.

आता पुन्हा दोन घोडे होते. पायपर आणि सेक्स्टन.

आमच्या तबेल्याची रीत माझ्या वडिलांनी घालून दिलेली. हंगाम संपला की घोड्यांचे नाल काढून त्यांना लांब कुरणात सोडायचं. उन्हाळाभर ते गवत खातात, पोटं सुटतात, अंगावर शेण वाळतं. कोणी म्हणणार नाही की हे राजे आहेत. जुलैच्या शेवटच्या रविवारी, गार्लंड संडेला, पहिले नवे बटाटे उकरायचे, डोंगरावरून निळी बोरं आणायची, घोड्यांच्या मालकांना जेवायला बोलवायचं. जेवण झालं की पहिल्या जॉकीनं हातात दोर घेऊन कुरणात जायचं आणि पुढच्या मोठ्या शर्यतीसाठी जो घोडा त्याला हवा, त्याला स्वतः चालवत आत आणायचं. तोंडानं सांगायचं नाही. दोर ज्याच्या गळ्यात पडला, तो त्याचा. दुसऱ्या दिवशी नाल ठोकणारा येतो. नाल बसल्यावर मन बदलता येत नाही. माझे वडील म्हणत, घोड्याला चार नाल लागतात, माणसाच्या शब्दाला एक खिळा पुरतो.

रविवार जवळ आला होता. आमच्या शब्दात सांगायचं तर घोडामैदान जवळच होतं, पण घोडा कोणता, याचाच पत्ता नव्हता.

*

पायपर कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका, चालताना जमिनीवर उपकार केल्यासारखी पावलं टाकणारा. तो कुंपणावरून जातो तेव्हा बघणाऱ्याचा श्वास त्याच्याबरोबर वर जातो आणि खाली यायला विसरतो. नाताळात लेपर्ड्सटाउनला त्यानं सगळ्यांना मागं टाकलं. एप्रिलमध्ये पंचेस्टाउनलाही. मधल्या मार्चमध्ये, चेल्टनमला मात्र त्याचं पाणीच झालं. मॅलकी म्हणाला, "माझ्याखाली घोडा नव्हताच गं. घोड्याची झूल होती नुसती." त्याचा मालक डेक्लन बल्फिन, किलमॅलकचा खाटीक, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. त्याचं एकच म्हणणं होतं: रविवारी मॅलकीनं पायपरला आणलं नाही, तर तो इंग्लंडातला एक जॉकी ठरवून मोकळा होणार.

सेक्स्टन काळपट, लांब कानांचा, खांद्यात वाकलेला. चर्चच्या आवाराच्या भिंतीशी घोडी व्यायली म्हणून घंटा वाजवणाऱ्या, कबरी खणणाऱ्या माणसाचं नाव त्याला पडलं, आणि ते त्याला शोभलंही. तो कधी पडला नाही. कधी कोणाचे डोळे दिपवले नाहीत. चिखलातल्या तीन शर्यती त्यानं जिंकल्या, त्याही नाकाच्या शेंड्यानं, काम उरकून घरी जायचंय अशा चेहऱ्यानं. त्याची मालकीण माझी आई. मॅमनं त्याच्या आईला पाळलं, तिच्या आईलाही पाळलं.

"मी काही बोलायची नाही," मॅम रोज सकाळी म्हणायची. "मालकिणीनं बोलू नये. त्यातून जावयाचं काम. मी तोंड उघडलं तर लोक म्हणतील सासूच्या धाकानं निवडला."

"तुम्ही बोलू नका, मिसेस क्वर्क," मॅलकी म्हणायचा.

"नाहीच बोलत. माझा घोडा कधी पडला नाही, एवढंसुद्धा मी बोललेली नाही."

"नाही बोललात."

"त्याची आई वयाच्या चौदाव्या वर्षी फाटकावरून उडी मारून मला भेटायला आली होती, तेही कुठं काढलं मी?"

मॅलकी ब्रेडला लोणी लावत राहायचा. मग लोणी लावलेली बाजू खाली करून ताटलीत ठेवायचा.

फिंटनला विचारावं तर त्याच्याकडे सगळ्या घोड्यांसाठी एकच वाक्य होतं: "उन्हाळा मानवलाय त्याला." मी एकदा त्याला तबेल्याच्या दाराशी अडवलं.

"मालकांना सांगायचं ते मला सांगू नकोस. दोघांत चांगला कोण?"

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "हंगामात सकाळच्या गॅलपला, सरावाला, रोज बरोबर पळतात ना दोघं? पायपर रोज एका मानेनं पुढे. एक दिवस चुकत नाही. बर्फ असो, चिखल असो, मान म्हणजे मान. आता तूच सांग."

"मग पायपर."

"पायपर," तो म्हणाला, आणि थोडं पुढे जाऊन परत आला. "पण सेक्स्टनवर बसणारी पोरगी म्हणते, शेवटी तिचे हात दुखतात. तो ओढत असतो. ज्याच्यात जोर उरलाय, तो मानेनं मागं का राहतो, हे मला दोन वर्षं कळलेलं नाही."

"मग सेक्स्टन?"

"असं मी कुठं म्हटलं?" तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवत गेला.

*

उन्हाळ्यात कुरणाकडे जायचं काम माझं. संध्याकाळी ओट्सची बादली घेऊन जायचं, कोणाच्या पायाला काही लागलंय का पाहायचं, पाण्याची टाकी भरायची. त्या आठवड्यात मी नेहमीपेक्षा जास्त वेळ फाटकावर हनुवटी टेकून उभी राहू लागले. वाटलं, नवऱ्यासाठी काहीतरी दिसेल.

आणि दिसलं ते असं. टाकीवर सेक्स्टन आधी पोचला होता. तहानेला होता, तोंड पाण्यात घातलं होतं. तेवढ्यात पायपर आला. त्यानं काही केलं नाही. दात दाखवले नाहीत, लाथ उगारली नाही. नुसता एक कान मागं पाडला. सेक्स्टननं पाण्यातून तोंड काढलं, हनुवटीवरून पाणी गळत असतानाच दोन पावलं मागं सरला, आणि पायपरचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभा राहिला. किती मागं? मी पाहत राहिले. एका मानेनं मागं.

बादली तिथंच टाकून मी घरी आले.

"तो हळू नाहीये," मी मॅलकीला सांगितलं. "तो मर्यादा पाळतोय. कुरणात पायपर मोठा, हा धाकटा. गॅलपवर हा त्याला मागं टाकतच नाही, कारण टाकायचं नसतं."

मॅलकीचा चेहरा खुलला. मग मिटला. मग मी आजवर न पाहिलेल्या आकाराचा झाला.

"म्हणजे सेक्स्टन जास्त चांगला."

"कदाचित."

"पण चेल्टनमला पायपरही असणार. तिथंही यानं मर्यादा पाळली तर? शेवटच्या कुंपणानंतर चढावर हा एका मानेनं मागं, जोर शिल्लक, आणि वर बसलेला मी?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे जो जास्त चांगला आहे तो हरणार, कारण जो कमी चांगला आहे तो त्याचा दादा आहे," मॅलकी म्हणाला. "ऊना, तू मदत करायला गेली होतीस ना?"

"हो."

"पुन्हा करू नकोस."

चुलीशी बसलेली मॅम विणता विणता म्हणाली, "मी काही बोललेली नाही."

*

शनिवारी दुपारभर पाऊस पडून गेला. दिवस मावळायच्या आधी आम्ही दोघं कुरणात गेलो. मॅलकीला शेवटचं एकदा दोघांना शेजारी उभं करून पाहायचं होतं. त्याचा जुना ट्वीडचा कोट, माझ्या हातात बादली. गॅल्टी डोंगराच्या माथ्यावर ढग बसला होता, तो आम्ही कुरणाच्या मध्यावर पोचेपर्यंत उठून खाली आला. आधी डोंगर गेला. मग कुंपणाची झाडं गेली. मग माझ्या हातातली बादली मला अंधूक दिसायला लागली.

"फाटक मागं आहे, सरळ," मॅलकी म्हणाला.

सरळ गेलो. हॉथॉर्नचं एक वाकडं झाड लागलं. फाटकाजवळ असं झाड नाही. उजवीकडे वळलो, चालत राहिलो, पुन्हा तेच झाड. मॅलकीनं खोडाला हात लावून पाहिला, जसा काही ओळखीचा माणूस बाजारात भलत्या गावी भेटावा.

"वीस वर्षं या कुरणातून जातोय मी," तो म्हणाला.

आमच्या या लांब कुरणात चकव्याचं एक ढेकूळ आहे, असं मॅम सांगते. ते दिसत नाही, इतर गवतासारखंच असतं. त्यावर पाय पडला की ओळखीचं रान परकं होतं. फाटक जिथल्या तिथं असतं, पण माणसाला मिळत नाही. लहानपणी आम्हाला झोपवताना ती म्हणायची:

धुकं उतरलं रानी,
वाट गेली हरवोनी,
कोट उलटा करोनी
ये रे घरी.

उपाय तेवढाच. अंगातलं वस्त्र काढून उलटं घालायचं. रान उलटं झालं, तर आपणही उलटं व्हायचं, म्हणजे दोघांचं जमतं.

तेवढ्यात धुक्यातून घोड्याचं ओरडणं आलं. खिंकाळणं नव्हे, लांब, फाटलेला, वर चढत जाणारा आवाज. मागोमाग टापा. पायपर आमच्या शेजारून इतक्या जवळून गेला, की त्याच्या अंगाची ऊब गालाला लागली, पण त्यानं आम्हाला पाहिलं नाही. कुंपणाला धरून तो पळाला, तिकडून परत आला, थांबला, ओरडला, पुन्हा पळाला. घामानं काळा पडला होता. हाच का तो, जो टाकीवर कान पाडतो आणि सगळं कुरण मागं सरतं?

"पाय मोडून घेईल," मॅलकी म्हणाला. "काय शोधतोय?"

मी कान दिला. पायपरच्या आवाजांच्या मधल्या जागेत, अगदी जवळ, दुसरा एक आवाज होता. कर्र, कर्र, थांबून पुन्हा कर्र. कोणीतरी गवत तोडून निवांत चावत होतं.

आम्ही त्या आवाजाकडे चालत गेलो. धुक्यात एक काळा पाठीचा कणा उभा राहिला, मग लांब कान. सेक्स्टन. त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं, तोंडात गवत तसंच, आणि पुन्हा खाली घातली. जगातून डोंगर गेला, झाडं गेली, पण त्याच्या पायाखालचं गवत गेलं नव्हतं, आणि त्याचं तेवढ्यानं भागत होतं.

मॅलकीनं त्याच्या मानेवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला.

मग पायपरनं आम्हाला शोधलं. आम्हाला म्हणजे सेक्स्टनला. थरथरत आला, त्याच्या कुशीत नाक खुपसलं, आणि तो लांब आवाज त्याच्या पोटात विरघळत गेला. थोडा वेळ गेला. अंग वाळायला लागलं. जिवात जीव आला, तसा त्यानं एक कान मागं पाडला, आणि सेक्स्टन ज्या गवतावर उभा होता तिथून त्याला हलवून ते स्वतः खायला लागला. सेक्स्टन सरकला, एका मानेनं.

मला हसू आलं, आणि मी हसता हसता थांबले.

"मॅलकी. मार्चमध्ये सेक्स्टन कुठं होता?"

"घरी. खोकत होता. म्हणून तर..." तो थांबला.

"नाताळात?"

"एका गाडीतून गेले होते. पंचेस्टाउनलाही. त्याची दुसऱ्या दिवशी शर्यत होती ना." मॅलकी हळूहळू ओल्या गवतात बसला. "चेल्टनमला पायपर एकटा गेला. त्याला कोणी सांगितलंच नाही की सेक्स्टन घरी खोकतोय. चार कुंपणं झाली तरी तो कान फिरवत होता. मी म्हटलं, लोकांचा आवाज ऐकतोय." त्यानं कपाळाला हात लावला. "ऐकत नव्हता गं. शोधत होता."

मी त्याच्या शेजारी बसले. बादली मध्ये.

"आता बघ," तो म्हणाला, आणि एकेक बोट दुमडत मोजू लागला. "पायपर एकटा गेला, तर पायपर नाहीच. सेक्स्टन एकटा गेला, तर सेक्स्टन जिंकेल, पण बल्फिन पायपरला घरी कशाला ठेवेल? दोघं गेले, की पायपरला धीर आला, आणि सेक्स्टनची मर्यादा आली. दोघं जाणारच आहेत. म्हणजे सगळी कारणं पायपरच्या बाजूनं. बरोबर?"

"बरोबर."

"नक्की?"

"नक्की. नाही तर... शर्यतीत तो मर्यादा पाळतो की नाही, हे कोणी पाहिलंय? शर्यतीत ते कधी एकत्र पळालेच नाहीत."

"म्हणजे नक्की नाही."

"नाही."

मॅलकीनं गवताची एक काडी तोडली. दोन्ही घोडे गवत तोडत होते, एकाच तालात. मग तो म्हणाला, अगदी हळू, जणू मला नाही, गवताला सांगतोय, "दोन्ही वेळा मी असाच बोटं मोजत बसलो होतो. दोन्ही वेळा सगळी कारणं एका बाजूला होती."

उठून त्यानं कोट काढला. अस्तर फाटकं, एका खिशाची पिशवी बाहेर लोंबणारी. उलटा करून घातला, बटणं आतून लावता येईनात म्हणून छातीशी धरला.

"खरंच?" मी म्हटलं.

"घरी जायचंय ना जेवायला?"

आम्ही वळलो. फाटक आमच्या मागंच होतं, इतकं जवळ, की मी बादली त्यावर आपटली.

*

रविवारी टेबलावर कोकराचं मांस होतं, नवे बटाटे, पुदिन्याची चटणी. फिंटननं जमलेल्या मालकांना त्यांच्या घोड्यांचा उन्हाळा मानवल्याचं सांगितलं. बल्फिननं बटाटे तिसऱ्यांदा वाढून घेतले आणि टेबलापलीकडून विचारलं, "काय मॅलकी, झोप लागली का?"

"लागली."

"मला नाही लागली. बायको म्हणते, आपल्या लग्नाच्या आदल्या रात्रीही तुम्ही गाढ झोपला होतात, आणि आता हे."

मॅलकीनं बशी बाजूला सारली, भिंतीवरचा दोर घेतला. मग खुंटीवरून कोट काढला आणि, सगळ्यांसमोर, उलटा घातला. फाटकं अस्तर वर, खिसा लोंबता.

"मॅलकी, कोट उलटा आहे तुझा," मॅम म्हणाली.

"माहीत आहे, मिसेस क्वर्क."

मॅमच्या विणकामाच्या सुया थांबल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोरांच्या वाडग्यात पाहिलं.

ऊन पडलं होतं, गॅल्टीच्या सगळ्या घड्या मोजता येत होत्या. सगळी मंडळी फाटकाशी उभी राहिली. मॅलकी गवतातून चालत गेला, त्याची सावली त्याच्या आधी घोड्यांपाशी पोचली. पायपरनं मान उंचावली, जणू फोटो काढणार आहेत. मॅलकी त्याच्यापाशी थांबला, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा फिरवला, काहीतरी बोलला. मग पुढे जाऊन सेक्स्टनच्या गळ्यात दोर टाकला.

हे शहाणपण होतं की चकवा, मला तेव्हाही कळलं नाही, आता लिहितानाही कळत नाही.

पहिला बोलला बल्फिन. त्यानं मोठ्यानं श्वास सोडला, फिंटनच्या पाठीवर थाप मारली. "सुटलो. मॅलकीनं सोडला म्हणजे माझा घोडा जिंकला. मागल्या दोन्ही वेळा त्यानं सोडलेलाच जिंकला की नाही? त्या इंग्लंडच्या पोराला आत्ता फोन करतो."

"माझ्या घोड्याचं वाटोळं केलंस," मॅम जावयाला म्हणाली. डोळे पुसता पुसता म्हणाली. "मी तोंडातून शब्द काढला नव्हता."

मॅलकी सेक्स्टनला घेऊन फाटकापर्यंत आला होता. "डेक्लन, एक गोष्ट ऐका," तो म्हणाला. "मार्चमध्ये दोघं एका गाडीतून जातील. बोटीवर शेजारी. तिथंही शेजारच्या खणात. तुमचा घोडा एकटा गेला, तर तो पळणार नाही, याला शोधत बसेल. मागल्या वेळी तेच झालं."

फिंटननं टोपी काढली.

"आणि हे तू मला सांगतोयस?" बल्फिन म्हणाला. "तू याच्यावर बसणार, आणि माझ्या घोड्याला जिंकवायची युक्ती मला देतोयस?"

"तुम्ही काल त्याचा आवाज ऐकला नाहीत," मॅलकी म्हणाला.

बल्फिन फाटकावरून वाकून पायपरकडे पाहत राहिला.

मग फाटक उघडलं. मॅलकीनं दोर ओढला, पण सेक्स्टन जागचा हलेना. खूर रोवून उभा राहिला, लांब कान बाजूला पाडून. मॅलकीनं पुन्हा ओढला, जीभ टाळूला लावून आवाज केला, काही नाही. मग आम्हाला कळलं. पायपर मागून येत होता, दोर नाही, लगाम नाही, आपल्या चालीनं. तो आला, एक कान मागं पाडला, आणि सेक्स्टन एका मानेनं मागं सरला. मॅलकीही सरला. पायपर दोघांच्या पुढून, जमिनीवर उपकार करत, फाटकातून बाहेर पडला.

"बघा," बल्फिन म्हणाला. "बघा, बघा."

पण रस्त्यावर चार पावलं गेल्यावर पायपर थांबला. मागं पाहिलं. सेक्स्टन अजून फाटकाच्या आतच होता. मॅलकी दोर सैल सोडून उभा होता, उलट्या कोटात, मुद्दाम न हलता. पायपरच्या गळ्यात तो आवाज चढायला लागला, आधी बारीक. मग तो वळला, परत आला, आणि फाटकात आडवा उभा राहून सेक्स्टनच्या खांद्याला नाक लावलं. आता त्याला पुढे जायचं नव्हतं, आणि सेक्स्टनला त्याच्या पुढे जायचं नव्हतं.

"पुढे कोण जाणार मग?" फिंटननं विचारलं.

मॅलकीनं दोर माझ्या हातात दिला, दोन्ही घोड्यांच्या मध्ये उभा राहिला, एका मानेवर हा हात, दुसऱ्यावर तो. आणि हळूच, स्वतःशी काहीतरी गुणगुणत, चालायला लागला. मॅमचे ओठही त्याच्याबरोबर हलत होते, त्यावरून मी ओळखलं, हे तिचंच धुक्याचं गाणं. दोघं त्याच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले. पायपर एका मानेनं पुढे होता. निदान फाटकापाशी होता. वळणावर झुडपांच्या कुंपणाआड जाताना मला वाटलं, काळं नाक आधी गेलं.

फिंटनला विचारलं, आधी कोण गेलं. तो म्हणाला, कुमैत. मॅमला विचारलं. ती म्हणाली, मी काही बोलायची नाही.